चिल्का सरोवराचे पुनरुज्जीवन आणि बेटांवरील लोकजीवन

(भूगोल व परिसर-अभ्यास शिकविणाऱ्या शिक्षकांसाठी)

नैसर्गिक संपत्तीचे रक्षण हा विषय प्राथमिक शाळेत बहुधा उपदेशाच्या रूपाने येतो. झाडे लावावीत, पाणी जपावे, प्राण्यांवर दया करावी ही वाक्ये मुले पाठ करतात आणि उत्तरपत्रिकेत उतरवितात. परंतु बिघडलेला एखादा जलाशय पुन्हा सुधारावयाचा तर प्रत्यक्षात काय करावे लागते, त्यासाठी सरकारला कोणते नियम करावे लागतात, आणि त्या नियमांचा पाण्याकाठी व पाण्याच्या मध्यभागी राहणाऱ्या माणसांच्या चुलीवर कोणता परिणाम होतो, हे मुलांपर्यंत क्वचितच पोचते. ओडिशा राज्यातील चिल्का सरोवराचा गेल्या चाळीस-पन्नास वर्षांचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. भरती-ओहोटी, गाळ, क्षारता हे भूगोलाचे विषय आणि हक्क, सहकार, न्याय हे नागरिकशास्त्राचे विषय येथे एकाच उदाहरणात एकत्र आलेले दिसतात. शिक्षकांच्या माहितीसाठी प्रथम विषयाचे विवेचन व नंतर अध्यापनाची दिशा पुढे दिली आहे.

१. स्थान व रचना

चिल्का हे भारतातील सर्वांत मोठे खाजण-सरोवर होय. पुरी, खुर्दा व गंजम या तीन जिल्ह्यांत ते पसरलेले आहे. त्याची लांबी सुमारे ६५ किलोमीटर आहे. क्षेत्रफळ मात्र वर्षभर एकसारखे राहत नाही. उन्हाळ्यात ते सुमारे ९०० चौरस किलोमीटर असते, तर पावसाळ्यात ११६५ चौरस किलोमीटरपर्यंत वाढते. विस्ताराच्या मानाने सरोवर फारच उथळ आहे. बहुतेक भागात त्याची खोली चार मीटरांहून कमीच भरते.

सरोवर आणि बंगालचा उपसागर यांच्यामध्ये वाळूची एक लांबच लांब पट्टी आहे. उत्तरेकडून महानदीच्या दया, भार्गवी इत्यादी शाखा गोडे पाणी व गाळ घेऊन येतात. समुद्राच्या बाजूने, वाळूच्या पट्टीतील मुखावाटे, भरतीचे खारे पाणी आत शिरते. या दोहोंच्या मिश्रणाने सरोवराचे पाणी मचूळ झालेले आहे. उत्तरेकडे ते जवळजवळ गोडे व मुखाकडे खारे असते. पावसाळ्यात गोडेपणा वाढतो, उन्हाळ्यात खारेपणा वाढतो. या चढउतारावरच तेथील वनस्पती, मासे, पक्षी आणि माणसे यांचे जीवन बेतलेले आहे.

२. मुखाचे महत्त्व

सरोवराचे मुख हे त्याचे प्रवेशद्वार होय. पाण्याप्रमाणे जीवही या दारातून ये-जा करतात. मोठ्या जातीची वाघी कोळंबी समुद्रात अंडी घालते. तिची पिले भरतीबरोबर सरोवरात येऊन वाढतात आणि मोठी झाली की पुन्हा समुद्राकडे निघतात. कोकणातील मुलांच्या परिचयाचा बोय मासा अंडी घालण्यासाठी समुद्रात जातो, त्याची पिले आत येतात. जिताडाही असाच खारे पाणी व मचूळ पाणी यांच्यामध्ये ये-जा करतो. दार बंद झाले की ही सारी रहदारी खुंटते.

आणि हे दार आपोआप बंद होऊ लागते, ही तेथील निसर्गाची रीत आहे. ओडिशाच्या किनाऱ्यावर लाटा तिरप्या येऊन आपटतात व वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहत राहते. त्या वाळूने मुख हळूहळू बुजते व ईशान्येकडे सरकते. मुख जितके दूर सरके तितकी सरोवराला समुद्राशी जोडणारी वाट लांब, अरुंद व उथळ होत जाते.

३. बेटांवरील वस्ती

सरोवरात अनेक बेटे आहेत. काही नुसते खडक आहेत. कालिजाईच्या बेटावर देवीचे मंदिर आहे. नळबन हे बेट पावसाळ्यात पाण्याखाली जाते व पाणी ओसरले की उघडे पडते. परंतु मुख्य वस्ती आहे ती सरोवर व समुद्र यांच्यामधील पारिकूद व मालूद या भागात. आज हा प्रदेश पुरी जिल्ह्यातील कृष्णप्रसाद विभागात मोडतो. सातपाड्याहून जान्हिकुड्यास जाणारी नाव ही या लोकांची नित्याची वाट. बाजार, दवाखाना व वरच्या वर्गाचे शिक्षण यांसाठी त्यांपैकी पुष्कळांना पाणी ओलांडावे लागते. भाताचे एक पीक, थोडी गुरे आणि मासेमारी यांवर येथील संसार चालतो.

मासेमारी करणाऱ्या जाती पिढ्यान्‌पिढ्या निरनिराळ्या आहेत. कोणी जाळी वापरतात, कोणी सापळे लावतात, कोणी बांबूच्या कामट्यांचे कुंपण घालून मासे अडवितात. सरोवराच्या पाण्याचीही त्यांनी शेताप्रमाणे वाटणी केलेली होती. बांबूच्या कुंपणाची जागा ती ‘जनो’, जाळ्याची जागा ती ‘बहनी’, पावसाळ्यात बुडणाऱ्या उंच भूभागाभोवतीची जागा ती ‘दियान’, उथळ पाण्याची जागा ती ‘उठापाणी’. कोणत्या गावाने कोणत्या ऋतूत कोठे जाळे टाकावे हे ठरलेले असे. परक्याला समोर नुसते पाणी दिसते, परंतु गावकऱ्याला त्यात बांध व धुरे दिसतात, ही गोष्ट शिक्षकांनी मुद्दाम लक्षात घ्यावी.

जमीनदारी काळातही मच्छीमार गावे पट्ट्याने पाणी घेत असत. स्वातंत्र्यानंतर १९५९ साली मच्छीमारांच्या सहकारी संस्थांची एक मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. सरकारकडून पाणी पट्ट्याने घेऊन ती गावोगावच्या प्राथमिक संस्थांस देऊ लागली. जुन्या रूढीला अशा रीतीने सहकाराचे कायदेशीर रूप लाभले.

४. दोन संकटे : गाळ आणि घेरी

सन १९८१ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत भारतातील ज्या पहिल्या दोन स्थळांचा समावेश झाला, त्यांत चिल्का हे एक होते. परंतु त्याच सुमारास सरोवराची प्रकृती बिघडू लागलेली होती. नद्या दरवर्षी लाखो टन गाळ आणून टाकीत होत्या. मुख बुजत चालले होते. समुद्राचे पाणी पुरेसे आत येईना, म्हणून खारेपणा घटला. खारेपणा घटल्यामुळे गोड्या पाण्यातील पाणवनस्पती व नळाचे रान शेकडो चौरस किलोमीटरांवर माजले. नावांच्या वाटा अडल्या. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास वर्षाला आठ हजार टनांहून अधिक असलेले मासळीचे उत्पन्न १९९५-९६ मध्ये सुमारे १३०० टनांवर आले. १९९३ साली रामसर यादीतील धोक्यात आलेल्या स्थळांच्या नोंदवहीत चिल्काचे नाव चढले.

याच काळात दुसरे संकट आले. परदेशी बाजारात कोळंबीला चढा भाव मिळू लागला. पैसेवाल्या लोकांनी सरोवराच्या उथळ भागात बांबू व जाळी यांची आवारे घालून कोळंबी पाळण्यास आरंभ केला. या आवारांना ‘घेरी’ म्हणतात. घेरीमुळे पाण्याचा प्रवाह अडतो, गाळ साचतो, आणि लहान माशांच्या हिंडण्या-फिरण्याच्या जागा बंद होतात. ज्या पाण्यावर एखाद्या गावाचा पिढीजात वहिवाटीचा हक्क, तेथे परक्याची घेरी उभी राहू लागली. १९९१ च्या पट्टाविषयक धोरणाने मासे पकडण्याचे पाणी व मासे पाळण्याचे पाणी असा भेद केला आणि मच्छीमार नसलेल्यांसही सरोवरात अधिकृत वाटा मिळण्याची वाट मोकळी झाली.

मच्छीमारांनी याविरुद्ध मोठे आंदोलन केले. ११ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने किनारपट्टीवरील कोळंबी-संवर्धनासंबंधी महत्त्वाचा निर्णय दिला. चिल्का व पुलिकत या सरोवरांपासून १००० मीटरांच्या आत असे संवर्धन करण्यास त्या निर्णयाने मनाई झाली. तथापि घेरी सर्वत्र हटल्या नाहीत. १९९९ च्या मे महिन्यात मच्छीमारांनी स्वतःच काही घेरी मोडल्या. त्यानंतर २९ मे रोजी सोरान गावी पोलिसांचा गोळीबार होऊन चार जण मृत्यू पावले. पाण्याचा प्रश्न केवळ पाण्याचा नसतो, याची ही दुःखद साक्ष होय.

५. नवे मुख

सरोवराच्या सुधारणेसाठी ओडिशा सरकारने १९९१ साली चिल्का विकास प्राधिकरण स्थापन केले. बुजत चाललेले मुख उकरीत राहावे की नवेच मुख काढावे, हा प्रश्न होता. या कामी महाराष्ट्राचाही हातभार लागला. पुण्याजवळ खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राने भरती-ओहोटी, प्रवाह व वाळूची हालचाल यांचे गणिती प्रतिरूप तयार करून नव्या मुखाच्या जागेचा अभ्यास केला. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनेही या सरोवराचा अभ्यास केला.

२३ सप्टेंबर २००० रोजी सिपाकुडा येथे वाळूची पट्टी कापून नवे मुख उघडण्यात आले. सरोवर व समुद्र यांतील वाट सुमारे १८ किलोमीटरांनी कमी झाली. आत शिरण्याची वाट आखूड झाल्याने भरतीचा जोर आतपर्यंत पोचू लागला व पुराचे पाणी लवकर बाहेर जाऊ लागले. मुख उघडण्याबरोबरच पाणलोट क्षेत्रात मृदसंधारणाची कामेही हाती घेण्यात आली, कारण गाळ वरून येत राहिला तर खालचे सर्व श्रम व्यर्थ जातात.

६. लाभ

परिणाम लवकरच दिसून आले. खारेपणा वाढताच गोड्या पाण्यातील पाणवनस्पतींचे रान हटू लागले. समुद्रगवताची कुरणे पसरली. १९९९-२००० मध्ये सुमारे १७०० टन असलेले मासळीचे उत्पन्न २००१-०२ मध्ये जवळजवळ १२,००० टनांवर गेले. २००२ साली धोक्यातील स्थळांच्या नोंदवहीतून चिल्काचे नाव काढण्यात आले आणि त्याच वर्षी प्राधिकरणास रामसर पाणथळ-संरक्षण पुरस्कार मिळाला. आज हिवाळ्यात दहा लाखांच्या आसपास पक्षी येथे उतरतात. इरावडी जातीच्या डॉल्फिनांची संख्या अलीकडील गणनांत दीडशेच्या आसपास किंवा त्याहून थोडी अधिक आढळली आहे. बिघडलेला जलाशय शास्त्रीय अभ्यासाने सुधारता येतो, ही गोष्ट या कार्याने सिद्ध झाली आणि तिचे श्रेय दिलेच पाहिजे.

७. लाभाची दुसरी बाजू

परंतु सरोवर एक असले तरी गावे अनेक आहेत, आणि नव्या मुखाने प्रत्येक गावाचे पाणी निराळ्या रीतीने बदलले. कोठे कोणत्या ऋतूत कोणता मासा सापडतो हे ज्ञान बापाकडून मुलाकडे येत असते. पाण्याची दिशा, खोली व खारेपणा बदलला की त्या ज्ञानाचा काही भाग एका रात्रीत जुना होतो. गोड्या पाण्यातील मासे नदीमुखांकडे मागे हटतात. प्रवाह जोराचा झाला की जेथे जाळे वा कुंपण टिके तेथे ते टिकत नाही. मुखाजवळच्या मच्छीमारांनी मासेमारीच्या जागांवर वाळू चढल्याच्या तक्रारी केल्या. खाऱ्या पाण्याबरोबर आलेले, खडकास चिकटून राहणारे कवचधारी जीव लाकडी नावांस व जाळ्यांस चिकटू लागले. नाव वरचेवर ओढून खरवडणे हा एक नवा खर्च व नवा श्रम झाला.

मुख एकदा कापले म्हणजे ते तेथेच स्थिर राहील असेही नाही. वाळूचा प्रवाह चालूच असतो आणि वादळे किनाऱ्याची मांडणी बदलतात. १२ ऑक्टोबर २०१३ चे फायलिन व ३ मे २०१९ चे फानी ही दोन्ही चक्रीवादळे याच किनाऱ्यावर आदळली. फानीनंतर वाळूच्या पट्टीत आणखी मुखे पडली व पाण्याचा खारेपणा वाढला. समुद्र व सरोवर यांच्या चिंचोळ्या मधल्या जागी राहणाऱ्यांस हा बदल दुरून नकाशावर पाहावयाचा नसतो. तो त्यांच्या विहिरीच्या चवीत व भाताच्या खाचरात उतरतो.

सर्वांत मोठा प्रश्न मात्र निराळाच आहे. मासळी वाढली हे खरे, पण ती कोणास मिळाली? पाणी पुन्हा संपन्न झाले तसा त्याच्यावरचा दावाही वाढला. कोळंबी वाढताच घेरीचा मोहही वाढला. न्यायालयाची मनाई असूनही घेरी पुन्हा पुन्हा उभ्या राहिल्या आणि त्या हटविण्यासाठी प्रशासनास पुढील काळात वारंवार मोहिमा काढाव्या लागल्या. ज्या गावांच्या वहिवाटीच्या जागा एकदा गेल्या त्यांना, सरोवर सुधारल्यावरही, त्या आपोआप परत मिळाल्या नाहीत. अनेक कुटुंबांतील कर्ते पुरुष मजुरीसाठी परराज्यांत जाऊ लागले. मुख उघडण्याच्या कामास शास्त्रज्ञ व यंत्रे यांनी उत्तर दिले. हक्काच्या प्रश्नास यंत्र उत्तर देऊ शकत नाही. त्यासाठी न्याय्य नियम व त्यांची सचोटीने अंमलबजावणी लागते.

८. पक्षी, डॉल्फिन आणि निर्बंध

नळबन बेट १९८७ साली पक्षी-अभयारण्य म्हणून जाहीर झाले. तेथे शिकार व मासेमारी यांस बंदी आहे. पक्ष्यांच्या दृष्टीने हे आवश्यकच होते. पण उथळ पाण्याचे ते क्षेत्र मासळीसाठीही उत्तम असते, म्हणून बंदीचा भार जवळपासच्या मच्छीमारांवर पडतो. डॉल्फिनांच्या बाबतीतही असेच आहे. सातपाड्यास डॉल्फिन पाहण्यासाठी प्रवासी येऊ लागले आणि पुष्कळ मच्छीमार यंत्राच्या नावा चालवू लागले. त्यांना रोख पैसा मिळाला. परंतु हे उत्पन्न हंगामी आहे, आणि नावा बेफाम चालविल्यास डॉल्फिनांसच इजा होते.

येथे एक आशादायक उदाहरण सांगण्याजोगे आहे. उत्तर किनाऱ्यावरील मंगलाजोडी या गावी पूर्वी पक्ष्यांची चोरटी शिकार मोठ्या प्रमाणावर होत असे. पुढे त्याच गावातील अनेक शिकारी पक्ष्यांचे रक्षक व प्रवाशांचे वाटाडे बनले. हे गाव बेटावर नसले तरी त्यापासून घ्यावयाचा धडा बेटांसही लागू पडतो. ज्यास एखादी गोष्ट करण्यास मनाई करावयाची, त्यास पोटाची दुसरी सोय दाखविली तर तोच त्या गोष्टीचा राखणदार होतो.

९. विवेचनाचे सार

या सर्व हकिगतीतून एकच विचार मुलांच्या मनावर ठसवावयाचा आहे. निसर्गाच्या सुधारणेची कोणतीही योजना दोन प्रश्नांनी तपासावी. पहिला प्रश्न : पाण्याचे काय झाले? दुसरा प्रश्न : त्या पाण्यावर जगणाऱ्या प्रत्येक गावाचे काय झाले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर चांगले आले म्हणून दुसऱ्याचे उत्तर चांगलेच असेल असे धरून चालू नये. उलट, दुसऱ्याचे उत्तर पूर्ण समाधानकारक नाही म्हणून पहिले कार्य निष्फळ ठरविणेही योग्य नव्हे. मुख उघडले नसते तर सरोवर अधिकाधिक बुजत गेले असते, आणि मग वाटून घेण्यासारखे तरी काय उरले असते?

१०. अध्यापनाची दिशा

साहित्य : भारताचा नकाशा, फळ्यावर काढलेला चिल्काचा साधा आराखडा, एक मोठी परात, चिकणमाती, मीठ, थोडा रंग, दोन तांबे.

पूर्वज्ञान : किनाऱ्यालगतच्या तालुक्यांतील मुलांना खाडी, भरती-ओहोटी, बोय व जिताडा ठाऊक असतात. तेथे खाडीच्या मुखापासून आरंभ करावा. देशावरील मुलांना गावतळे वा पाझर तलाव ठाऊक असतो. तेथे तलावात साचणारा गाळ व तो काढल्यावर वाढणारे पाणी यांपासून आरंभ करावा. अपरिचित गोष्ट परिचित गोष्टीच्या आधाराने शिकवावी हे तत्त्व येथे विशेष उपयोगी आहे.

हेतुकथन : “बुजलेल्या सरोवराला नवे दार कसे काढले आणि त्यामुळे बेटावरील लोकांच्या जीवनात काय बदलले, हे आज पाहावयाचे आहे,” एवढ्या साध्या शब्दांत हेतू सांगावा.

प्रयोग : परातीच्या मधोमध चिकणमातीचा बांध घालावा. वाळूतून पाणी झिरपते, म्हणून वाळूचा बांध घालू नये. एका बाजूस साधे पाणी व दुसऱ्या बाजूस रंगीत मिठाचे पाणी ओतावे. प्रथम बांधाच्या एका टोकाला बारीक, लांब व नागमोडी वाट काढावी. समुद्राच्या बाजूस तांब्याने सावकाश पाणी ओतून भरती दाखवावी व रंग किती आत जातो हे मुलांस पाहू द्यावे. नंतर ती वाट बुजवून, पाणी बदलून, बांधाच्या मध्यावर आखूड व रुंद वाट काढावी आणि हीच कृती पुन्हा करावी. दोन वेळचा फरक मुलांनी आपल्या शब्दांत सांगावा. शिक्षकांनी निष्कर्ष सांगण्याची घाई करू नये. प्रयोगानंतर परातीच्या आतील बाजूस तीन ठिकाणी खडे ठेवून ती गावे समजावीत आणि विचारावे : “कोणत्या गावाचे पाणी सर्वांत जास्त बदलले? कोणत्या गावाचे कमी?” नव्या मुखाचा परिणाम सर्व गावांवर सारखा का होत नाही, हे मुलांस येथेच उमगते.

गणिताशी सांगड : पुढील उदाहरण फळ्यावर द्यावे. यांतील आकडे काल्पनिक आहेत हे मुलांस स्पष्ट सांगावे.

समजा, एका सरोवराकाठी तीन गावे आहेत. पूर्वी प्रत्येक गावास वर्षाला १० टन मासळी मिळे. सुधारणेनंतर पहिल्या गावास ७०, दुसऱ्यास १४ व तिसऱ्यास ६ टन मिळू लागली. (अ) एकूण मासळी किती पट झाली? (आ) दर गावामागे सरासरी किती? (इ) तिसऱ्या गावास लाभ झाला की तोटा?

एकूण ३० चे ९० झाले, म्हणजे मासळी तिप्पट झाली. सरासरी ३० टन येते. पण तिसऱ्या गावाची मासळी १० वरून ६ टनांवर आली. सरासरीत हे गाव कोठेच दिसत नाही. सरासरी काढणे मुले लवकर शिकतात. सरासरी काय झाकते हे त्यांना शिकविणे अधिक अगत्याचे आहे.

संवाद : वरच्या वर्गात ग्रामसभेचा प्रसंग उभा करावा. विषय असा असावा की, सरोवराचे नवे मुख काढावयाचे आहे. एका विद्यार्थ्याने शास्त्रज्ञाची, एकाने कुंपण लावणाऱ्या मच्छीमाराची, एकीने मासळी विकणाऱ्या बाईची, एकाने भातशेती करणाऱ्याची, एकाने नावाड्याची व एकाने घेरीवाल्याची बाजू मांडावी. घेरीवाल्याची बाजूही नीट मांडली जाईल याकडे शिक्षकांनी लक्ष द्यावे. त्याच्या घेरीवर मजुरी करणारे लोकही गरीबच असतात. शेवटी सभेने काय ठरविले यापेक्षा ठरविताना कोणाचे ऐकले आणि कोणाचे राहून गेले, हे मुलांकडून वदवून घ्यावे.

संकलनाचे प्रश्न :
(१) चिल्काचे पाणी कोठे गोडे व कोठे खारे असते? का?
(२) सरोवराचे मुख आपोआप का बुजते?
(३) वाघी कोळंबीस सरोवर व समुद्र दोन्हींची गरज का असते?
(४) घेरी म्हणजे काय? तिच्यामुळे लहान मच्छीमारांस कोणती अडचण होते?
(५) २००० साली कोणते काम झाले? त्याचे दोन लाभ व दोन अडचणी सांगा.
(६) नळबन बेटावर मासेमारीस बंदी का आहे? त्या बंदीचा भार कोणावर पडतो?

उपयोजन : मुलांनी आपल्या गावातील तळे, ओढा, खाडी, गायरान किंवा देवराई यांपैकी एका सार्वजनिक जागेची माहिती वडीलधाऱ्यांस विचारून लिहून आणावी. ती जागा पूर्वी कशी होती, आज कशी आहे, तिचा उपयोग कोणकोण करतात, तेथे कोणते लिखित वा अलिखित नियम आहेत, आणि ती सुधारावयाची झाल्यास कोणास प्रथम विचारले पाहिजे, हे पाच मुद्दे त्यात असावेत. धुणे धुणाऱ्या, गुरे पाजणाऱ्या व मासे धरणाऱ्या लोकांची नावे या यादीतून गळणार नाहीत अशी दक्षता घ्यावी. ही माणसे सभेत क्वचित बोलतात, परंतु पाणी आटल्याचे वा बिघडल्याचे पहिल्याने त्यांनाच कळते.

या पाठास दोन तासिका पुरतील. पहिल्या तासिकेत रचना, मुख व प्रयोग घ्यावा. दुसऱ्या तासिकेत बेटांवरील जीवन, गणित व ग्रामसभा घ्यावी. मुलांच्या वहीत “चिल्का सरोवर वाचले” एवढेच वाक्य उतरले तर पाठ अर्धाच झाला असे समजावे. त्याखाली “आणि तेथील गावांचे काय झाले?” हा प्रश्न मुलाने आपण होऊन लिहिला, तर पाठाचा हेतू सफल झाला असे मानण्यास हरकत नाही.